परवचा ते संगणक : आंजर्ले परिसराच्या संदर्भात सरावशिक्षणाचा इतिहास आणि अध्यापकाची भूमिका

सारांश

संगणकावरील सरावप्रणालीचा वापर अध्यापनात कसा करावा, हा प्रश्न आज महाविद्यालयीन अध्यापकांसमोर आहे. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या अंगाने न मांडता इतिहासाच्या अंगाने मांडला आहे. पंतोजींच्या शाळेतील परवच्यापासून आजच्या महाजालावरील सरावापर्यंतचा प्रवास हा मूलतः विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्या उत्तराची तपासणी यांमधील अंतर कमी करण्याचा प्रवास आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले व त्याच्या आसपासचा परिसर या विवेचनाचा आधार आहे.

प्रस्तावना

शिकलेले पुन्हा म्हणणे, लिहिणे किंवा सोडविणे यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. 'उजळणी' या शब्दात भांडे घासून लख्ख करण्याची प्रतिमा आहे. 'गिरवणे' या शब्दात दुसऱ्याने काढलेल्या अक्षरावरून आपला हात फिरविणे आहे. 'सराव' म्हणजे हाताला वा बुद्धीला वळण लावणे, तर 'घोकंपट्टी' म्हणजे अर्थावाचून केलेले पाठांतर. एकाच क्रियेला एक गौरवाचे आणि एक हेटाळणीचे नाव भाषेने दिले आहे, यावरून सरावाचे गुण आणि दोष हे दोन्ही आपल्या समाजाला पूर्वीपासून ठाऊक होते असे दिसते. संगणक आल्याने हे द्वैत संपलेले नाही. उलट, ते अधिक तीव्र झाले आहे.

आंजर्ले हे दापोली तालुक्यात जोग नदीच्या मुखाशी वसलेले गाव. कड्यावरच्या गणपतीमुळे ते महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. गावालगत मुर्डी आणि खाडीपलीकडे हर्णै व मुरुड ही गावे आहेत. एका दिवसाच्या पायी प्रवासात सामावणाऱ्या या टापूने महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाला महर्षी धोंडो केशव कर्वे आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ही दोन माणसे दिली. दोघेही गणिताचे अध्यापक होते. सरावाच्या इतिहासाचा विचार करण्यास याहून योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

१. पंतोजींची शाळा : जवळची, पण सामुदायिक तपासणी

१८१८ साली पेशवाई संपली आणि कोकणपट्टी कंपनी सरकारच्या अमलाखाली आली. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत जिल्ह्याजिल्ह्यांतील देशी शाळांची माहिती मागविण्यात आली. ती कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादित केली. या कागदपत्रांतून व तत्कालीन आठवणींतून दिसणारी गावशाळा साधारणपणे एकशिक्षकी असे. ती देवळात, ओसरीवर किंवा पंतोजींच्या घरीच भरे. धूळपाटीवर अक्षरे काढणे, मोडीचे कित्ते गिरविणे, हिशेब आणि पाढे एवढा तिचा अभ्यासक्रम होता.

या शाळेच्या पाढ्यांत केवळ पूर्णांकांचे पाढे नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुलांना तोंडपाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर अशा व्यवहारात या पाढ्यांचा रोज उपयोग होता. सुपारीचे वजन आणि नारळाचा भाव यांचा हिशेब बाजारात उभ्याउभ्या करावा लागे. त्यामुळे सरावाचे प्रयोजन विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नसे.

शाळा सुटण्यापूर्वी किंवा घरी दिवेलागणीला होणारा परवचा हे या पद्धतीचे मुख्य अंग होय. एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचे, हा क्रम नित्य चाले. पंतोजी एकटे असल्याने लहानांकडून म्हणवून घेण्याचे काम बहुधा वरच्या मुलांकडे येई. भारतातील अशा पद्धतींनी परकीयांचेही लक्ष वेधून घेतले. मद्रास येथील अनाथाश्रमाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने वाळूत अक्षरे गिरविणारी देशी शाळेतील मुले पाहिली, तो प्रकार आपल्या शाळेत आणला आणि मुलांकडून मुलांना शिकविण्याची 'मद्रास पद्धती' १७९७ साली पुस्तकरूपाने इंग्लंडमध्ये मांडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. परवच्यात चूक तत्काळ कानावर पडत असे, म्हणजे उत्तर आणि तपासणी यांत अंतर जवळजवळ नव्हते. परंतु ही तपासणी सामुदायिक होती. वीस मुलांच्या आवाजात एखाद्याची चूक सहज बुडून जाई आणि मागून ओठ हलविणारा मुलगाही पाठ झाल्याचा आभास निर्माण करू शके. ज्याला आले त्याचे पक्के झाले आणि ज्याला आले नाही तो तसाच पुढे ढकलला गेला, हे या पद्धतीचे मर्म आणि हीच तिची मर्यादा होती.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वजनेमापेही दशमान झाली. त्यानंतर पावकी-दिडकीचा व्यवहारातील आधार सुटला आणि ते पाढे हळूहळू शाळेतून गेले. ज्या सरावामागचे प्रयोजन नाहीसे होते, तो सराव कितीही जुना असला तरी टिकत नाही, हा धडा या घटनेतून मिळतो.

२. दूरची परीक्षा : मुरुड, मुर्डी आणि केंब्रिज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळा, छापील क्रमिक पुस्तके आणि सार्वजनिक परीक्षा यांचे युग आले. या युगात विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्याची तपासणी यांमधील अंतर वाढले. कर्व्यांच्या आयुष्यातील एक सुप्रसिद्ध प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८५८ साली जन्मलेले कर्वे मुरुडला वाढले. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांना सातारा गाठायचे होते. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांचे हे अंतर त्यांनी सोबत्यांसह भर पावसाळी दिवसांत पायी तोडले. तेथे पोहोचल्यावर वय सतरा वर्षांचे दिसत नाही या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या 'आत्मवृत्त' (१९१५) या ग्रंथातील ही हकिकत सामान्यतः चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासकाराला तीत आणखी एक गोष्ट दिसते. वर्षभराच्या अभ्यासाचा निवाडा शंभर मैलांवर होता आणि तो मिळेपर्यंत आपले काय चुकते हे विद्यार्थ्याला कळण्याची सोय गावच्या शाळेपुरतीच मर्यादित होती.

मुर्डी येथे १८७६ साली जन्मलेले रघुनाथराव परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या परीक्षेची तयारी करून घेणारी केंब्रिजची परंपरा विशेष लक्षणीय होती. विद्यापीठातील व्याख्यानांपेक्षा खाजगी अध्यापकांच्या लहान गटांत विद्यार्थी खरे तयार होत. हे अध्यापक नियमितपणे प्रश्न सोडवायला देत, उत्तरे बारकाईने तपासत आणि चुकीची चर्चा करीत. एडवर्ड राउथ या एका अध्यापकाच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. गुणानुक्रम जाहीर करण्याची ही प्रथा १९०९ नंतर बंद झाली. तथापि क्रमवार प्रश्न, वारंवार सराव आणि लवकर मिळणारी वैयक्तिक तपासणी ही तिच्यातील त्रिसूत्री आजही तितकीच विचारार्ह आहे. अडचण एवढीच की ही सोय मूठभरांनाच परवडणारी होती.

कर्वे १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. परांजपे त्याच महाविद्यालयाचे १९०२ साली प्राचार्य झाले. जोग नदीच्या खाडीच्या दोन अंगांना वाढलेली ही दोन माणसे एकाच महाविद्यालयात एकच विषय शिकवीत होती. त्यांच्या वर्गातील विद्यार्थी शेकड्यांनी वाढत गेले, तेव्हा प्रत्येकाची वही तपासणारा हात कोठून आणायचा हा प्रश्न भारतातील सर्वच महाविद्यालयांपुढे उभा राहिला. तो आजही सुटलेला नाही.

३. यंत्राचा प्रवेश

या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९२० च्या दशकात सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने बहुपर्यायी प्रश्न विचारून उत्तर बरोबर की चूक हे सांगणारे यंत्र तयार केले. पुढे १९५३ साली बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात पालक म्हणून गेले असता त्यांना दोन उणिवा जाणवल्या. गणित सोडविल्यावर ते बरोबर आहे की नाही हे मुलांना लगेच कळत नव्हते आणि सर्व मुलांना एकाच गतीने चालावे लागत होते. त्यांनी १९५४ पासून मांडलेले अध्यापनयंत्र या दोन उणिवांवर बेतलेले होते. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकप्रणाली सुरू झाली. त्याच दशकात स्टॅनफर्ड येथे पॅट्रिक सप्स यांनी शाळकरी मुलांसाठी अंकगणिताचा सराव संगणकावर आणला. अलेक्झांडरला जसा ॲरिस्टॉटल लाभला तसा शिक्षक संगणकामुळे प्रत्येक मुलाला लाभेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

ही अपेक्षा पुरी झाली असे म्हणता येत नाही. यंत्राने पंतोजींच्या शाळेतील तत्काळ तपासणी परत आणली आणि ती वैयक्तिकही केली, हे त्याचे मोठे यश होय. परंतु चूक झाली एवढेच यंत्र सांगे. ती का झाली हे शोधणे राउथसारख्या अध्यापकाचे काम होते आणि ते तसेच शिल्लक राहिले.

भारतात १९८४ साली केंद्र शासनाने 'क्लास' हा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटिश बनावटीचे संगणक निवडक शाळांत देण्यात आले. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाने संगणकावर शिकणे, संगणकावरच सराव करणे आणि संगणकावरच परीक्षा देणे ही गोष्ट तालुक्याच्या गावांपर्यंत नेली. शासकीय नोकरीसाठी त्याची गरज असल्याने कोकणातील अनेक तरुणांचा संगणकसरावाशी पहिला परिचय याच मार्गाने झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०१७ साली केंद्र शासनाने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. साधनांची वाण आता राहिलेली नाही. वापराच्या रीतीची मात्र आहे.

४. प्रयोगांचा निष्कर्ष : जोड की पर्याय?

भारतातच झालेले तीन अभ्यास अध्यापकांनी आवर्जून लक्षात घ्यावेत असे आहेत. पहिला वडोदरा येथील होय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक घेऊन, गणिताचा सराव करीत. त्यांच्या गणितात लक्षणीय सुधारणा झाली. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला.

दुसरा अभ्यास गुजरातमधील शाळांवर लेह लिंडन यांनी केला व तो २००८ साली मांडला. शिक्षकाच्या तासिकेऐवजी संगणक वापरला तेव्हा मुलांची प्रगती खुंटली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, अध्यापनाला जोड म्हणून वापरला तेव्हा मुलांना फायदा झाला.

तिसरा अभ्यास दिल्ली येथील असून तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पातळीनुसार प्रश्न देणाऱ्या प्रणालीचा वापर शाळेनंतरच्या केंद्रांत सुमारे साडेचार महिने केल्यावर गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांनी चांगली प्रगती केली. यातील अनेक मुले आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे होती. वर्गात एकाच गतीने चालणारा पाठ त्यांच्या डोक्यावरून जात होता.

या तिन्ही अभ्यासांतून एक सूत्र निघते. सरावप्रणाली ही अध्यापनाची जोड आहे, पर्याय नव्हे. तिचे बळ विद्यार्थ्याला त्याच्या पायरीवर गाठण्यात आहे आणि सराव थांबला की लाभही ओसरतो.

२०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेने यात एक नवा धोका निर्माण केला आहे. तुर्कस्तानातील माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, ज्यांना असे साधन मुक्तपणे वापरू दिले त्यांची सरावातील कामगिरी उत्तम झाली, पण साधन काढून घेतल्यावर परीक्षेत ते इतरांपेक्षा मागे पडले. उत्तर न देता केवळ दिशा दाखविणाऱ्या साधनाने मात्र असे नुकसान झाले नाही. परवच्यात नुसते ओठ हलविणाऱ्या मुलाचीच ही आधुनिक आवृत्ती होय.

५. तुटलेली तार : जून २०२०

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या भूमिकेतून राज्यात दूरस्थ अध्यापन सुरू झाले. अशा वेळी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनारपट्टीला, त्यात आंजर्ले, केळशी, हर्णै या गावांना, त्याचा जबर तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक ठिकाणी वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद राहिले. राज्यभर ज्या तारेवरून शिक्षण चालू होते ती तारच येथे तुटलेली होती. कर्व्यांच्या काळी परीक्षा शंभर मैलांवर होती, पण रस्ता होता. जून २०२० मध्ये तपासणारा पडद्याइतका जवळ असूनही येथील विद्यार्थ्याला तो अप्राप्य होता. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी स्वरूपात दूरस्थ पद्धतीने झाल्या. किनारपट्टीच्या गावातील विद्यार्थी आणि महानगरातील विद्यार्थी यांनी त्या परीक्षेसाठी केलेला सराव समान होता असे मानणे धाडसाचे ठरेल.

या अनुभवातून निघणारा निष्कर्ष तंत्रज्ञानविरोधी नाही. साधन बंद पडले तरी सरावाचा धागा अध्यापकाच्या हाती राहिला पाहिजे, एवढेच तो सांगतो.

६. अध्यापकांनी सरावप्रणाली कशी वापरावी?

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन अध्यापकांसाठी पुढील दिशा सुचविता येतात.

प्रथम, सरावाचा उपयोग गुण देण्याऐवजी निदानासाठी करावा. व्याख्यानापूर्वी पाचसात प्रश्नांचा लहान सराव दिल्यास वर्ग कोठे अडला आहे हे अध्यापकाला आधीच कळते. यासाठी चुकीचे पर्याय विचारपूर्वक तयार करावे लागतात. उदाहरणार्थ, शंभर नारळांचा भाव प्रथम वीस टक्क्यांनी चढला आणि नंतर वीस टक्क्यांनी उतरला, तर मूळ भावात काय फरक पडला? 'काहीच फरक नाही' हा पर्याय निवडणारा विद्यार्थी टक्केवारीचा आधार बदलतो हे विसरला आहे. वस्तुतः भाव चार टक्क्यांनी कमी होतो. चुकीचा पर्याय अशा रीतीने चुकीचे कारणही सांगू लागतो.

दुसरे, पहिली तपासणी यंत्राकडे सोपवावी आणि दुसरी स्वतःकडे ठेवावी. इतिहासाच्या अध्यापनात घटनांचा कालानुक्रम, तह आणि ठिकाणे यांचा सराव यंत्र उत्तम घेऊ शकते. हर्णैसमोरील सुवर्णदुर्ग १७५५ साली इंग्रजांनी तुळाजी आंग्रे यांच्याकडून जिंकला, हे यंत्र विचारू शकेल. परंतु पेशव्यांनी स्वकीयांच्या आरमाराविरुद्ध इंग्रजांचे साहाय्य का घेतले आणि त्याचा परिणाम काय झाला, याचे उत्तर विद्यार्थ्याने लिहावे आणि अध्यापकाने वाचावे लागेल. यंत्रामुळे वाचलेला वेळ या दुसऱ्या कामी लागला नाही, तर यंत्राचा उपयोग फुकट गेला असे समजावे.

तिसरे, सराव एकाच बैठकीत न उरकता अंतराअंतराने द्यावा. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा अभ्यास मांडला. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवून दिले की, दीर्घकाळ लक्षात राहण्यासाठी पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगणे अधिक परिणामकारक असते. रोजच्या परवच्यामागचे शहाणपण प्रयोगांनी अशा रीतीने दुजोऱ्यास आले आहे. जूनमधील घटकाचे दोन प्रश्न ऑगस्टच्या आणि डिसेंबरच्या सरावात पुन्हा यावेत.

चौथे, रीत वहीत लिहिण्याचा आग्रह धरावा. केवळ पर्याय निवडण्याने अंदाजाची सवय लागते. पडद्यावर उत्तर आणि वहीत रीत अशी दुहेरी नोंद असल्यास ओठ हलविणारा विद्यार्थी लवकर ओळखू येतो.

पाचवे, मराठी प्रश्नपेढी अध्यापकांनी एकत्र येऊन तयार करावी. २००२ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'मूडल' सारख्या प्रणालीत देवनागरीत प्रश्न घालता येतात आणि ते परस्परांना देताही येतात. परभाषेतून आलेले प्रश्न आपल्या विद्यार्थ्याला विषयापूर्वी भाषेतच अडवितात. औटकी टिकली ती बाजारामुळे. आपल्या प्रश्नांनाही परिसराचा असाच आधार हवा.

सहावे, प्रत्येक सरावाची कागदी प्रत तयार ठेवावी. वीज गेली, जाळे मिळाले नाही किंवा घरात एकच मोबाइल असला, तरी विद्यार्थी मागे राहू नये. दोघांत एक साधन ही व्यवस्था कमीपणाची नाही. वडोदऱ्याची मुले अशीच शिकली, आणि जोडीदाराला समजावून सांगणाऱ्याचा अभ्यास पक्का होतो हे गावशाळेनेही दाखविलेले आहे.

समारोप

सरावाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात उत्तर आणि तपासणी यांमधील अंतर कधी वाढले, कधी घटले. परवच्यात तपासणी जवळ होती, पण प्रत्येकाची नव्हती. केंब्रिजच्या खाजगी वर्गात ती प्रत्येकाची होती, पण सर्वांसाठी नव्हती. सार्वजनिक परीक्षेत ती सर्वांसाठी होती, पण दूर होती. संगणकामुळे ती जवळची, प्रत्येकाची आणि सर्वांची होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे. परंतु ही शक्यता आपोआप प्रत्यक्षात उतरत नाही. चूक कळणे आणि चुकीचे कारण कळणे यांमध्ये जे अंतर उरते, ते अध्यापकालाच तोडावे लागते. मुरुडहून साताऱ्याला पायी गेलेल्या विद्यार्थ्याचे पुढे गणिताच्या अध्यापकात रूपांतर झाले. आजच्या विद्यार्थ्याचे ते अंतर कमी करणे हे आपणा अध्यापकांचे कर्तव्य आहे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.